खिळा नसलेली पेटी

फादर परदेशातून धर्म सांगायला आले आणि अठ्ठावीस वर्षं लाकूड कापत राहिले. मिशनच्या सुतारशाळेत त्यांनी पुष्कळांना शिकवलं. पण दातांत दात घालून, एकही खिळा न मारता पेटीचे कोपरे सांधायची विद्या पुरती उतरली ती एकट्या मिस्त्रीच्या हातात. बाकीचे म्हणायचे, "एवढी मरमर कशाला? चार खिळे ठोका अन् मोकळे व्हा."

सरकारने निवडणूक मोडीत काढली, तेव्हा लोकांनी आपणच मतदान घ्यायचं ठरवलं. पेट्या हव्या होत्या. फादर कुणाला न विचारता फळ्या मोजायला लागले.

"फादर, हा आमच्या घरचा तंटा. तुम्ही पाहुणे," मिस्त्री म्हणाला.

"अठ्ठावीस वर्षांचा पाहुणा? यजमान फारच सोशिक दिसतात!"

फादरांचा हात दोन वर्षांपासून थरथरत होता. ते रंधा मारायचे, सांधे मिस्त्री कापायचा.

"या पेट्यांना खिळेच मारू," मिस्त्री म्हणाला. "खिळ्यावर कुणाची ओळख नसते."

फादरांनी मान डोलावली. मिस्त्रीने पहिलाच खिळा ठोकला, तशी फळी तडकली. त्याची त्यालाच लाज वाटली. हातोडी ठेवून त्याने दात कापायला पटाशी उचलली. चूक झाली ती तिथेच.

मतदान झालं. तिसऱ्या दिवशी एक अधिकारी काखेत पेटी मारून आला आणि ती त्याने बाकड्यावर ठेवली.

"हा सांधा दोघांनाच येतो म्हणे. कुणाचा आहे?"

परदेशी माणसाला फार तर विमानात बसवतील. मिस्त्रीच्या मेव्हण्याला मागच्या महिन्यात जीपमध्ये बसवलं होतं. दाराशी त्याची चप्पल तेवढी राहिली.

मिस्त्रीने तोंड उघडलं.

"माझा," फादर आधीच बोलून गेले.

अधिकारी त्यांच्या हातांकडे बघत राहिला. "या हातांचा? कापून दाखवा."

फादरांनी कोपर बरगडीला दाबून धरलं. श्वास रोखायचा, करवत ओढायची. श्वास सोडला की करवत थांबायची. अधिकाऱ्याने खुर्ची ओढून घेतली. फळीवर घाम टपकला तो फादरांनी लगेच बाहीने टिपला. ओलं लाकूड फुगतं. तासाभराने दोन फळ्या एकमेकींत सरकल्या आणि बसल्या.

अधिकाऱ्याने ओढून पाहिलं. निघेनात. "चला," तो म्हणाला.

फादरांनी एप्रन खुंटीला अडकवला. "मिस्त्री, पटाशी बोथट झालीय. धार लावून ठेव."

जीप गेली. पेटीबरोबर फादरांचा तो सांधाही गेला, पुरावा म्हणून. तिसऱ्या दाताच्या बुडाशी केसभर फट राहिली होती. मिस्त्रीला ती लांबूनच दिसली होती. पेटीत तशी फट एकाही कोपऱ्यात नव्हती. एखाद्या जाणत्या सुताराने दोन्ही शेजारी ठेवून उजेडात धरायची खोटी, की हात दोन आहेत हे कळणार होतं.

मिस्त्रीने दगडावर पाणी टाकलं आणि पटाशी घासायला घेतली. रस्त्यावर गाडी वाजली की हात थांबायचा. पुढे निघून गेली की पुन्हा चालायचा.