मिस्टरांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला

रक्तपेढीच्या डॉक्टरबाईंनी आधी दार लोटून घेतलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. "तुमचं रक्त रिअ‍ॅक्टिव्ह आलंय," त्या म्हणाल्या. रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे पहिल्या तपासणीत एचआयव्हीची शंका आली आहे. पक्कं कळायला परळच्या सरकारी इस्पितळात पुन्हा तपासायचं. मी म्हटलं, पिशवी बदलली असेल तुमच्याकडे.

त्यांचा फोन मी दोनदा कट केला होता. "फोनवर सांगता येणार नाही, येऊन भेटा," असं कोण म्हणतं? हल्ली असेच फोन करून लोकांची खाती रिकामी करतात. मी मुळातच संशयी. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तरी जुडी उलटून बघते. लालबागच्या आमच्या मंडळाच्या रक्तदान शिबिरातून हिमोग्लोबिन कमी म्हणून मला दरवर्षी परत पाठवायचे. या वर्षी हट्टाने बीट आणि खजूर खाऊन पहिल्यांदा रक्त दिलं, तर हे निघालं.

परळला पुन्हा तपासलं. पॉझिटिव्ह.

माझा संशय सरळ मिस्टरांवर गेला. ट्रान्सपोर्ट कंपनीत नोकरी, सतत सुरत नाहीतर इंदूर. समुपदेशक मॅडम म्हणाल्या, "इथून कुणाला कळणार नाही, कायदाच तसा आहे. घरी सांगायला मी मदत करीन. पण त्यांची तपासणी व्हायला हवी."

घरी येऊन मी ओट्याशी उभी राहून सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, "हे तुम्हीच आणलंय घरात." दुसऱ्या दिवशी निमूटपणे माझ्याबरोबर आले. त्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला.

तोवर आरोपी ते होते. आता मी झाले.

मॅडमनी विंडो पीरियड समजावला. लागण ताजी असेल तर काही आठवडे ती तपासणीत दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं. खरं सांगते, तेव्हा तरी त्यांचा पॉझिटिव्ह यावा असं मला वाटायचं.

माझ्या गोळ्या लगेच सुरू झाल्या. एआरटी म्हणजे विषाणू दाबून ठेवणारं औषध, रोज घ्यायचं, जन्मभर. सरकारी, फुकट. म्हणून त्यावरही शंका. श्रीमंतांनाही याच देतात का, असं मी विचारलं. मॅडम हसून "याच" म्हणाल्या, तरी मी मोबाइलवर नाव ताडून पाहिलंच. डबीचं लेबल खरवडून टाकलं. एआरटी केंद्राबाहेरच्या बाकावर आम्ही सगळे मान खाली घालून बसायचो. जो तो ओळखीचा चेहरा दिसू नये म्हणून घाबरलेला.

घरी मिस्टरांनी माझं ताट वेगळं केलं नाही. उलट माझ्याच ताटातलं उचलून खायचे. खाण्यापिण्यातून हे पसरत नाही, हे त्यांना पटलं होतं. त्यांना भीती रोगाची नव्हती, माझी होती. माझा फोन ठेवलेल्या जागी सापडेना. मी दादरच्या एका शाळेच्या ऑफिसात आहे. लग्न झाल्यापासून जे कधी फिरकले नाहीत, ते अचानक मला न्यायला यायला लागले. आमच्या निवृत्तीला टेकलेल्या हेडक्लार्ककडे असे बघायचे की मला हसावं की रडावं कळेना. एकदा म्हटलं, "विचारा ना एकदाचं." तर म्हणाले, "काय विचारायचं?"

तीन महिन्यांनी त्यांचा रिपोर्ट पुन्हा निगेटिव्ह आला. त्या दिवशी एआरटीच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "कधी रक्त चढवलं होतं?" मी आठवत होते, तोच मिस्टर म्हणाले, "हिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं ना गावाला, तेव्हा. बाटली मीच आणलेली. ओळखीतून. पावतीबिवती काही नव्हती."

"शक्यता आहे. खात्री कुणीच देऊ शकणार नाही," डॉक्टर म्हणाले.

मिस्टर इस्पितळाच्या पायरीवर बसून रडले. माझा फोन पुन्हा जागेवर सापडायला लागला.

आज माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, मशीनला सापडत नाही इतकं कमी आहे. तसंच राहिलं तर संबंधांतून मिस्टरांना लागण होणार नाही. मॅडमचे उपकार मी फेडू शकत नाही. तुमच्या घरात असा रिपोर्ट आला, तर कुठून आला हे खोदत बसण्याआधी औषध सुरू करा. गोळीला कारण लागत नाही. माणसांना लागतं.

परवा चहा घेताना मिस्टर मोठ्या मनाने म्हणाले, "चूक तुझी नव्हतीच गो. आता कळलं ना."

"आणि ते ऑपरेशन झालंच नसतं तर?" मी विचारलं. "ठेवला असतात विश्वास?"

त्यांनी कप खाली ठेवला. "हो" म्हणून टाकणं किती सोपं होतं.

"माहीत नाय मला," ते म्हणाले.

मला राग आला, रडूही आलं. पण एवढ्या महिन्यांत त्यांच्या तोंडून आलेल्या या एकाच वाक्यावर मी शंका घेतली नाही.