भाऊजींचं दाण्यांचं मटण

त्या रविवारी मी गॅलरीत उभी राहून भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं पाखडत होते. भाऊजी मटण आणायला खाली गेले होते. ते रमतगमत जायचे आणि रमतगमतच यायचे, त्यामुळे उशीर झाला तरी मला काही वाटलं नाही. बेल वाजली, दार उघडलं, तर समोर मटणवाले सलीमभाई. अंगात तोच डागाळलेला एप्रन. इतक्या वर्षांत ते कधी आमच्या बिल्डिंगचा जिना चढले नव्हते. "भाभी, चला जरा… चाचांना चक्कर आली," एवढंच म्हणाले, आणि माझ्या आधी वळून जिना उतरायला लागले. त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघूनच मला कळलं. दुकानात त्यांनी भाऊजींना भिंतीला टेकवून स्टुलावर बसवलं होतं, कोणीतरी वर्तमानपत्राने वारा घालत होतं. रांगेत भाऊजींचा नंबर अजून यायचा होता. रिक्षात मी त्यांचं डोकं खांद्यावर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना असा हात लावत होते… हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. संध्याकाळी मी एकटी घरी आले तेव्हा गॅलरीतल्या सुपातले दाणे कबुतरांनी संपवले होते.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर, वसंत. आमच्या मुलुंडच्या घरात शेवटची काही वर्षं आम्ही दोघंच होतो. मी विधवा, ते अविवाहित. बाहेर कुणाला नातं सांगितलं की लोक क्षणभर थांबायचे, मग "बरं, बरं" म्हणायचे. आम्हालाही त्या नात्यात बोलायचं काय असतं ते नीटसं ठाऊक नव्हतं. मी त्यांना "अहो भाऊजी" म्हणायची, ते मला "नलू" म्हणायचे. दिवसभरात मिळून दहा-बारा वाक्यं होत असतील. सगळं बोलणं साठायचं ते रविवारी, स्वयंपाकघरात.

मूळचे आम्ही मालवणकडचे. भाऊजी तरुणपणी परळच्या एका गिरणीत साचे, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करायचे. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून कुठे काय सैल झालंय ते सांगायचे म्हणे. संप झाला, गिरणी बंद पडली, आणि घरात थोरले म्हणून सगळं त्यांच्यावर आलं. तेव्हा कुणीतरी आफ्रिकेत कापड गिरणी निघाल्याची बातमी आणली. देशाचं नाव माली. आमच्या सासूबाई मरेपर्यंत त्याला "मालाड" म्हणत राहिल्या… दोन वर्षांसाठी म्हणून गेलेले भाऊजी तिकडेच राहिले. धाकट्या भावाचं, म्हणजे आमच्या ह्यांचं, शिक्षण झालं, नणंदेचं लग्न झालं, मुलुंडचं हे घर झालं, सगळं तिकडून. त्यांचं स्वतःचं लग्नाचं वय मात्र तिकडेच उलटून गेलं. शेवटी तीही गिरणी बंद पडली. एका माणसाच्या आयुष्यात दोन गिरण्या बंद पडाव्यात, तेही दोन वेगवेगळ्या खंडांत!

ते परत आले तेव्हा मी या घरात जुनी झाले होते आणि ते पाहुणे होते. आपल्याच पैशांच्या घरात ते पाणी विचारून प्यायचे. सासूबाई त्यांना सारखं काहीतरी करून घालायच्या. सोलकढी, वडे-सागोती, माशाची आमटी. ते खायचे, छान झालंय म्हणायचे, आणि पुन्हा गॅलरीत जाऊन बसायचे. एका रविवारी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "नलू, आज मी केलं तर चालेल का?" मला वाटलं चहाबद्दल म्हणतायत. त्यांनी पाव किलोच्या वर शेंगदाणे काढून भाजायला घेतले. मग ते मिक्सरमध्ये इतके फिरवले, इतके फिरवले, की त्यांचं कूट मागे पडून लोण्यासारखा गोळा झाला. कांदा-टोमॅटोवर मटण परतून शिजत होतं, त्यात तो गोळा सोडला. वर कोबीचे मोठाले तुकडे, भोपळा, रताळं, आणि एक अख्खी मिरची, न चिरता. सासूबाई हे सगळं पाटावर बसून बघत होत्या. रताळं पडलं तेव्हा त्यांना राहवेना.

"वसंता, शेंगदाणे नि रताळी उपासाक खातत रे! मटणात कित्याक घालतंस? खोबरा संपला काय घरातला?"

भाऊजी मोठ्याने हसले. परत आल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. "आये, खाऊन तर बघ," म्हणाले. सासूबाईंनी नाक मुरडत खाल्लं, दुसऱ्यांदा भात मागितला, आणि शेवटी निकाल दिला, "वाईट नाय. पण ह्येका सागोती म्हणू नको." तेव्हापासून रविवारचं स्वयंपाकघर भाऊजींचं झालं. खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन मला दर सोमवारी विचारायच्या, "काल चिक्की केली होती का? शेंगदाण्याचा फार सरस वास येत होता." मी हो म्हणायची. त्या पातेल्यात पुढे काय पडायचं ते त्यांना सांगून त्यांचा आनंद कशाला घालवायचा?

हे मटण घाईचं नाही. दाणे पडले की आच बारीक करायची आणि ढवळत राहायचं, नाहीतर खाली लागतं. वर लालसर तेल येईपर्यंत सोडायचं नाही. त्या ढवळण्याच्या वेळात भाऊजी बोलायचे. एका रविवारी थोडं, मग महिनाभर काही नाही, मग पुन्हा थोडं… असं तुकड्यातुकड्यांनी मला कळलं, की तिकडे पहिल्याच वर्षी त्यांना हिवताप झाला होता. खोलीत एकटे पडले होते. भाषा येत नव्हती, तीन दिवस कुणी फिरकलं नव्हतं. गिरणीतला मूसा नावाचा त्यांचा जोडीदार शोधत आला आणि त्यांना पाठीवर घेऊन आपल्या घरी गेला. मूसाच्या आईने त्यांना अंगणात चटई टाकून दिली. पोटात काही ठरत नव्हतं. तेव्हा तिने या मटणाच्या नुसत्या रश्श्यात भात कालवून, आपल्या हाताने, एकेक घास भरवला. "मला वाटत होतं मी मरणार," भाऊजी म्हणाले, "आणि ती बाई मला रागवत होती. काय बोलत होती ते कळत नव्हतं, पण रागवणं कळत होतं. आपली आई रागवते ना, तसंच." बरं वाटल्यावर ते तिच्याकडूनच हे शिकले. पुढे ती वारली तेव्हा मूसाबरोबर खांदा द्यायला तेही होते. आमच्या सासूबाईंना त्यांनी हे कधी सांगितलं नाही. मला सांगितलं.

सासूबाई गेल्या. मग तीन वर्षांमागे आमचे हेही गेले. आमचा मुलगा निखिल बेंगळुरूला असतो. वडिलांचं सगळं उरकल्यावर तो मला म्हणाला, "आई, हा फ्लॅट विकून टाकू. तू माझ्याकडे चल. काकांची गावाला सोय करू ना, घर आहेच तिकडे." वाईट मनाने नव्हता बोलला. काका त्याच्यासाठी सुट्टीतले पाहुणेच राहिले होते. पण भाऊजी गॅलरीत होते, आणि गॅलरीचं दार उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ते इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले, पायाशी बॅग.

"कुठे निघालात, भाऊजी?"

"गावाला जाऊन येतो. घर बंद राहिलं की वाळवी लागते."

"येतो म्हणजे कधी येता?"

त्यांनी बॅगेची चेन ओढून बघितली. मग म्हणाले, "नलू, माझ्यापायी तू अडकू नकोस. पोरगं बरोबर बोलतंय."

या घराची एकेक वीट कोणाची ते मला म्हणायचं होतं. तुम्ही गेलात तर या घरात मी कुणासाठी दिवा लावू, ते म्हणायचं होतं. पण थोरल्या दिराशी असं बोलायची जिभेला सवय नव्हती. मी म्हटलं, "आज रविवार आहे. दाणे मी निवडून ठेवलेत. त्यांची आता चटणी करून टाकू का?"

ते बॅगेकडे बघत राहिले. मग उठले, दारामागची कापडी पिशवी घेतली आणि मटण आणायला खाली उतरले. बॅग मी उचलून कपाटावर ठेवली. निखिलला दुपारी जेवताना एवढंच सांगितलं, "मी येणार नाही. काका इथे आहेत." तो माझा मुलगा आहे, समजायचं ते समजला. त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही.

तर असे भाऊजी. दहाव्या-तेराव्याला माणसांनी घर भरलं आणि पंधराव्या दिवशी रिकामं झालं. निखिल चार दिवस जास्त राहिला, मग त्यालाही जावं लागलं. मी टीव्ही लावून ठेवते, बघत नाही. सकाळी चहाचं पाणी अजूनही दोन कपांचं पडतं. पोळ्या दोन करायच्या असतील तर कणीक किती मळायची याचा अंदाज मला अजून येत नाही. एकटं जेवणारं माणूस उभ्यानेच जेवतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ओट्यापाशी, पातेल्यातूनच, दोन मिनिटांत.

भाऊजींचा मोबाइल हॉस्पिटलमध्येच बंद पडला होता. तो मी बऱ्याच दिवसांनी चार्जिंगला लावला. चालू झाला आणि टुणटुण वाजतच राहिला. मूसाचे मिस्ड कॉल. दर रविवारी दोघे व्हिडिओवर बोलायचे, अर्धं फ्रेंच, अर्धं तिथलं काहीतरी, आणि खूप सारं हसणं. मी आपली मागे भांडी घासत असायची. फोन झाला की भाऊजी गॅलरीत जाऊन बसायचे आणि मी आतून विचारायची, तो काय म्हणाला ते. त्याला कोणी कळवलंच नव्हतं. कसं कळवायचं, मला त्याची भाषा येत नाही, त्याला माझी… असा विचार करत बसले होते तोवर फोन हातात वाजला.

पडद्यावर पांढऱ्या दाढीचा, काळाभोर, मोठ्या डोळ्यांचा म्हातारा. "वासा?" तो म्हणाला. वसंतचं त्याने वासा केलं होतं. मग मी दिसले आणि तो गप्प झाला. मी उठले आणि फोन भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे वळवला. हाराचा अर्थ त्याला कळेल की नाही, असंही वाटून गेलं. फोनमधून काहीच आवाज येईना. पुन्हा माझ्याकडे वळवला तेव्हा त्याने दोन्ही तळवे वर धरले होते, ओठ हलत होते. त्याच्या मागे एकेक करून घरातली माणसं येऊन उभी राहिली, बायका, नातवंडं. किती वेळ आम्ही तसे एकमेकांकडे बघत रडत होतो, कोण जाणे.

मग त्याने बाहीने डोळे पुसले आणि अगदी स्पष्ट मराठीत मला विचारलं, "जेवलास?"

भाऊजींनी शिकवलेलं असणार. आपला सवंगडी जसा विचारायचा तसंच, पुल्लिंगीच. भाऊजी गेल्यापासून निखिल फोनवर माझं बीपी विचारतो, औषधं विचारतो. हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी मान हलवून "जेवले" म्हटलं. खोटंच.

गेल्या रविवारी मी स्वतः सलीमभाईंकडे गेले. त्यांनी काही न विचारता नेहमीएवढंच मटण तोललं, मीही कमी करा म्हटलं नाही. दाणे भाजले, वाटले. पहिल्यांदाच सगळं एकटीने केलं. रताळं जास्त शिजलं, मीठ कमी पडलं, पण तेल वर आलं. ताट वाढून घेतलं आणि टेबलाशी बसून जेवले. जेवताजेवता फोन आला, "जेवलास?" मी काही न बोलता फोन पातेल्यावर धरला. मूसा वाकून, डोळे बारीक करून बघत राहिला. बायकोला हाक मारून दाखवलं. मग माझ्याकडे बघून तो त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. लांबलचक, सावकाश, मध्येच हसत, मध्येच थांबत… एकदा "वासा" ऐकू आलं, बाकी काही नाही.

फोन ठेवल्यावर मी सवयीने गॅलरीकडे वळून विचारलं, "काय म्हणाला हो तो?"