वाकळीवरची अंघोळ

कंधारच्या स्टँडवर आईनं माझ्या डोक्यावर वाकळ ठेवली, तेव्हा मी खाली दिसेनासा झालो. तिच्या जुन्या लुगड्यांची, तिनंच शिवलेली वाकळ. अण्णा म्हणाले, "जिल्हा नवा झालाय, तुजं नशीब बी नवं होईल. चुलत्याच्या घरी नीट ऱ्हा. आपलं नाव घालवू नको." कंडक्टरनं माझं अर्धं तिकीट फाडलं. वाकळ फुकटात आली.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. काका नव्या कचेरीत शिपाई म्हणून लागले होते, आणि पाऊस तेवढा बदली करून घेऊन गेला होता. नळाला पाणी आलं की गल्लीत सण. अशा घरात मी, आठ वर्षांचा घोडा, रोज सकाळी वाकळ ओली करून उठायला लागलो. गावाकडं हे कधी झालं नव्हतं.

काकूनं आधी माझं दुपारनंतरचं पाणी बंद केलं. मग चमचा तापवून मांडीला टेकवला. तो राग नव्हता, इलाज होता. तिच्या भावाला म्हणे गुण आला होता. मला न्हाई आला. शेवटी तिनं एका बादलीत दोन कामं बसवली. दारापुढच्या फरशीवर वाकळ अंथरायची, तिच्यावर मला उघडा उभा करायचा आणि वरून पाणी घालायचं. अंगावरून उतरलेल्या पाण्यात मी वाकळ तुडवायची. पोरगं बी धुतलं, पांघरूण बी धुतलं. शाळेला निघालेली पोरं थांबायची. "टँकर आला रे!"

मी अण्णांची वाट बघत होतो. ते आले की वाकळ गुंडाळायची आणि गावाकडं. बाकी बेत काही नव्हता.

अण्णा आले ते नेमके अंघोळीच्या वेळी. पहिल्याच गाडीनं, हातात शेंगांची पिशवी. मी वाकळीवर उभा. मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "अण्णा, सगळा जिल्हा कोरडा ठणठणीत, पर तुमच्या पोराला लई पाणी लागलंय बगा!"

अण्णा हसले. सगळ्या गल्लीत मोठ्यानं तेच हसले. आज कळतं, भावाच्या दारात पोरगं ठेवलेल्या माणसाला हसावंच लागतं. तेव्हा कळलं ते एवढंच, की वाकळ गुंडाळायची नाही.

जाताना त्यांनी उपरण्यानं माझं डोकं पुसलं. "करमतंय न्हवं?"

"हाव," मी म्हणालो.

ही गोष्ट नात्यातल्या तुम्ही सगळ्यांनी ऐकलीय. गावी राहिलेल्यांनी, आणि माझ्यासारखं पुण्याला येऊन चौथ्या मजल्यावर शॉवरखाली उभं राहणाऱ्यांनीही. लग्नाकार्यात मीच ती सांगतो. दोन्ही पायांनी वाकळ तुडवून दाखवतो. टँकरवर हमखास हशा येतो. चमच्याचं मात्र गाळतो, जेवणं व्हायची असतात.

परवाच्या बारशात तीच सांगितली. आमच्याकडं बारावीच्या क्लाससाठी राहणारी पुतणी, अस्मिता, एकटी हसली नाही. परतताना गाडीत म्हणाली, "काका, तुम्हाला काय होतंय, हे कुणी विचारलंच नाही?"

"विचारायचं काय त्यात? सगळ्या गल्लीला ठाऊक होतं की."

तरीही ती हसली नाही.

त्या दिवसापासून ही पोर झोपायच्या आधी माझ्या उशाशी भरलेला तांब्या ठेवते. "प्या हो काका, आपलंच घर आहे." तिच्यापायी मीही सकाळी तिला विचारायला लागलोय, "झोप लागली का गं? करमतंय न्हवं?" ती "हो" म्हणते. तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढं मला कळतं. म्हणून चहा होईस्तोवर तिच्याजवळ बसून राहतो.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मला आता कंधार आठवत नाही, लातूर तर नाहीच. तो तांब्या आठवतो. अंधार पडल्यावर माझ्या घशाखाली अजून पाणी उतरत नाही. सकाळी तांब्या काठोकाठ भरलेलाच असतो. अस्मिता उठायच्या आत मी तो गॅलरीतल्या तुळशीला ओततो आणि रिकामा करून परत उशाशी ठेवतो.