काउंटर थांबेना

गेल्या मंगळवारी दुपारी राजारामपुरीत, विनया मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये होतो. बाहेर ऊन, आत पंखा, आणि दाराशी मोबाईल मुठीत धरून उभा असलेला महादेव.

महादेव कुरुंदवाडचा. सकाळी त्याची बायको इथल्या हॉस्पिटलात बाळंत झाली आणि रक्तस्राव थांबेना. गट ओ निगेटिव्ह... होत्या त्या पिशव्या संपल्या. संध्याकाळपर्यंत अजून एक तरी हवी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

अशाच वेळेसाठी आमच्या पेठेच्या तालमीतर्फे आम्ही रक्तदात्यांची वेबसाईट काढली आहे. गावोगावचे दाते, गटवार, फोन नंबरसकट. वह्यांचा जमाना गेला असं ठणकावून जुन्या वह्या मीच रद्दीत घालायला लावल्या होत्या.

साईट उघडली. पांढरं पान, आणि वर इंग्रजीत एक ओळ... रिसोर्स लिमिट ओलांडली आहे.

ही साईट मॅडम विनामोबदला सांभाळतात. एका सर्व्हरवर अनेक साईट असतात, प्रत्येकीला ठरावीक वाटा असतो, आपला संपला म्हणून दार बंद, असं त्यांनी समजावलं. आतल्या बाजूने यादी काढायला गेल्या, तर तेही पान अडकलं. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या होस्टिंगवाल्यांना फोन लावला. लोड उतरला की साईट आपोआप उघडेल, मोठा प्लॅन हवा असेल तर उद्या सकाळी देऊ, असं उत्तर आलं.

उद्या सकाळी...

माझी खात्री पटली की कुणीतरी साईट मुद्दाम पाडतंय. बुवाबाजीविरुद्ध बोलून मी पुष्कळ शत्रू जोडलेत. मी फेऱ्या मारत एकेकाचं नाव घेत राहिलो. महादेवने मध्ये फक्त एकदा घड्याळ पाहिलं.

मॅडम तोवर लॉग वाचत होत्या. कोणत्या कॉम्प्युटरवरून किती वेळा साईट उघडली, याची ती नोंद. त्यांनी चष्मा काढला.

"सर, शत्रू नाहीत. तालमीतली पोरं बसतात त्याच कॅफेंतून सारखं आपलं पान उघडलं जातंय. तुमचीच माणसं आहेत."

रविवारी आमच्या पेठेच्या तालमीत माझं भाषण झालं होतं. पलीकडच्या पेठेतल्या मंडळाच्या साईटवरचा, भेटी मोजणारा काउंटर पन्नास हजारांवर गेला आणि आपला बारा हजारांवर झोपलाय, लाज वाटत नाही का, असं मी विचारलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. कोल्हापूरला ईर्षा शिकवावी लागत नाही... तरी मी शिकवली.

सोमवारपासून तालमीतले गडी तीन सायबर कॅफेंत पाळ्या लावून बसले होते. काम एकच, आपलं पहिलं पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करणं. दात्यांची यादी एकानेही उघडली नव्हती.

आम्ही जवळच्या कॅफेत धावलो. आठ मशीन, आठ गडी, चहाचे ग्लास, आणि बटणांचा अखंड खटखटाट. मी दारातूनच सुरुवात केली. रक्त, समाज, कर्तव्य... आवाज तापत गेला, तसे त्यांचे हात आणखी जोरात चालू लागले. मी चेव चढवायला आलोय, असंच त्यांना वाटलं.

तालमीचा वसंता मान न वळवता म्हणाला, "काळजी करू नका सर. रातीपतोर त्यास्नी मागं टाकतोय बगा."

माझ्या मागून महादेव पुढे आला. आवाज अगदी खालचा.

"पावणं, जरा हात काढा की. बायकू जायला लागलीया माझी."

खटखटाट थांबला. वसंताने तव्याचा चटका बसावा तसे दोन्ही हात वर घेतले. बाकीच्या दोन कॅफेंना फोन त्यानेच केले, आणि त्या फोनवरच्या शिव्या मी इथे लिहू शकत नाही.

मॅडम एका मशीनवर बसल्या. दोन मिनिटं, पाच मिनिटं, तेच पांढरं पान. आठ पैलवान श्वास रोखून उभे. मग यादी आली. पहिल्या नंबरचा फोन बंद. दुसरा कबनूरच्या इक्बालभाईंचा. मागे यंत्रमागांचा आवाज एवढा, की मॅडमना तीनदा सांगावं लागलं.

तासाभरात ते स्कूटरवरून हॉस्पिटलात हजर, शर्टावर सुताचे धागे तसेच. रक्त देऊन झाल्यावर महादेवने त्यांचे हात धरले. त्यांनी विचारलं, "पोरगा हाय का पोरगी?"

महादेवने अजून बाळ पाहिलंच नव्हतं.

मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत, परवा घरी गेल्या. काउंटर आम्ही त्याच संध्याकाळी काढून टाकला.

गेली तीस वर्षं मी माणसं पेटवतोय, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण पेटलेल्या माणसाला थांबवायचं कसं, हे मला येत नव्हतं... महादेव, त्या गडबडीत तुझे आभार मानायचे राहिले.