कोरा टायर

वडिलांच्या जुन्या मोटारसायकलच्या मापाचा टायर शोधून शोधून मी वैतागलो होतो. सोलापुरातला आमचा टायरवाला तीन महिने एकच सांगायचा, "येतोय की सर, दम धरा." त्याला माझं नाव ठाऊक नाही, गाडीचा नंबर मात्र पाठ आहे.

काल एकदाचा त्याने मागवलेला टायर करमाळ्याहून आला. अगदी कोरा! त्याने तो वाकवला, नख रुतवून बघितलं, वास घेतला.

"रबर वाळलंय. लई वर्षं पडून हाय."

"असू द्या हो, बसवा!" मी ओरडलोच.

त्याने शांतपणे सुरी घेतली आणि टायरची कड वीतभर चिरली.

"अहो, हे कशाला?"

"न्हायतर तुमी दुसरीकडं जाऊन बसवला असता की."

मला भयंकर राग आला, कारण मी तेच करणार होतो.