विहीणबाईंच्या हातची साडी

“घ्या आजी,” म्हणत माझ्या विहीणबाईंनी माझ्या पिठाच्या हातांवर साडी ठेवली, आणि फोटोवाला म्हणाला, “पदर मागं घ्या, तोंड दिसू द्या.” नगरला बेघर बायकांच्या निवाऱ्यात मी स्वयंपाकाला होते आणि राहायलाही तिथंच होते, कारण मला दुसरं घर नव्हतं. मुलीच्या सासरी, पारनेरला, मात्र आई नगरला नोकरी करते एवढंच माहीत होतं. त्या दिवशी पारनेरचं बायकांचं भजनी मंडळ टेम्पोनं साड्या वाटायला आलं, त्यात विहीणबाई उतरल्या. मी चुलीपुढून हलले नसते तर स्वयंपाकीण म्हणून निभावलं असतं. पण व्यवस्थापक बाईंनी हाक मारली, “मावशी, ओळीत बसा.” मी म्हटलं, “भाकरी करपंल.” “करपू द्या. तुम्हीपण इथल्याच ना!” भाकरी करपलीच, अंगणभर वास सुटला. शेजारची म्हातारी मला कोपरखळी मारत म्हणाली, “हस की गं! फुकटची साडी हाय, सुतकात असल्यावानी काय बसलीस?” लग्नात याच विहीणबाईंना मी मानाची साडी नेसवली होती. पदर सरकला तशी त्यांची नजर माझ्या तोंडावर अडली, पण त्यांनी ओळख दाखवली नाही, पुढच्या बाईकडे सरकल्या. मला राग आला नाही, उलट बरं वाटलं, आणि त्याचीच लाज अजून जास्त वाटते. मुलीनं कधी काही विचारलं नाही, म्हणजे विहीणबाई घरी काही बोलल्या नसणार. मी अजून तिथंच भाकऱ्या करते. त्या ओळीत तिची आई बसली होती, हे आम्हा दोघी विहिणींनाच माहीत आहे.