आत्याची थांबायची जागा

घाई नावाची वस्तू जगात आहे, हे आजवर मान्य न केलेली एकच व्यक्ती मला ठाऊक आहे आणि ती म्हणजे माझ्या बायकोची आत्या. ऐरोलीच्या खाडीकाठी भरती-ओहोटीसुद्धा वेळ पाळते, पण तिथल्याच कोळीवाड्यात जन्मलेल्या आत्याने ते बंधन कधी स्वतःला लावून घेतलं नाही. 'चहा घेणार का?' असं विचारलं की ती आधी खिडकीबाहेर बघते, मग पदर सारखा करते आणि आपण दुसऱ्याच विषयावर बोलू लागलो की शांतपणे 'घेईन की' म्हणते. लग्नानंतर पहिल्यांदा भेटलो तेव्हा मला वाटलं, यांना कमी ऐकू येतं. म्हणून मी तोच प्रश्न ओरडून पुन्हा विचारला. आत्याने सावकाश दोन्ही प्रश्नांना होकार दिला आणि दोन कप चहा घेतला.

त्यात तिचा आवाज. थंडीत मासेमारीच्या मचव्याचं इंजिन सुरू होताना आधी खोकतं, घरघरतं आणि मग एकदम खोल लागतं, तसा तो आवाज होता. गॅसवाला, बँकवाली, विमा विकणारी मुलगी, सगळे फोनवर तिला 'सर' म्हणायचे आणि ती कुणालाच दुरुस्त करायची नाही. "सर तं सर. काम झाला ना?" एवढंच तिचं त्यावर म्हणणं. याच आवाजाने तिला गायला लावलं. तिची आई फोर्टातल्या एका मोठ्या हॉटेलात मागच्या दाराने पापलेटं पोचवायची. सतरा वर्षांची आत्या एकदा बरोबर गेली आणि तिने आचाऱ्याला पाटी उतरवायला हाक मारली. आत बँडची तालीम चालली होती, ती थांबली. पियानो वाजवणारे गोव्याचे मास्तर बाहेर आले आणि हाक मारणारा माणूस कुठे गेला म्हणून बराच वेळ शोधत राहिले. पुढची बारा वर्षं आत्या त्या हॉटेलात जॅझमधली संथ विरहगीतं गायली. गावात मात्र पोरगी हॉटेलच्या टेलिफोनवर कामाला आहे असं सांगितलं होतं. असल्या आवाजाच्या मुलीला टेलिफोनवर कोण बसवील, हा प्रश्न कोळीवाड्यात कुणालाच कसा पडला नाही, याचं मला नवल वाटतं.

मास्तरांनी तिला एकच गोष्ट शिकवली. ठेका पुढे जाऊ द्यायचा, आपण त्याच्या मागून यायचं आणि जिथे जीव भरून येईल तिथे चक्क थांबायचं. पियानोवाला वाट बघतो. आत्याने हा धडा गाण्यापुरता ठेवला नाही, अख्ख्या आयुष्याला लावला. मासळी बाजारात ती भाव सांगते आणि गप्प उभी राहते. समोरची कोळीण, जी एरवी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, ती त्या शांततेपुढे हात टेकते. गणपतीत आमच्या सोसायटीची आरती आत्याच्या मागून येणाऱ्या एका टाळीपायी दोन तट पडून वेगवेगळी संपते. तिचं इंग्रजीही सगळं गाण्यांतून आलेलं. चंद्र, विरह, आसवं, धुकं यांचे शब्द तिला तोंडपाठ, पण पैसे काढायच्या स्लिपला काय म्हणतात ते ठाऊक नाही. एकदा तर बँकेत तिने खिडकीतल्या तरण्या क्लार्कला त्या खोल आवाजात 'डोन्ट कीप मी वेटिंग, माय डिअर' असं सांगितलं. तो बिचारा जेवणाची सुट्टी सोडून कामाला लागला.

आमच्या सोसायटीत निवृत्त मंडळींचा कराओके क्लब आहे. तिथे तिला एकदा गायला बोलावलं. ट्रॅक संपला तेव्हा आत्याचं अर्धं कडवं बाकी होतं. सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या, पुढच्या गायकाचं नाव पुकारलं, आणि आत्या तशीच उभी राहून कडवं पुरं करूनच खाली उतरली. मशीन कुणासाठी थांबत नाही, तिथे गाणं कसलं, असं म्हणून तिने तो विषय कायमचा बंद केला.

मग तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन करावं लागेल आणि नंतर आवाज कसा असेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही घरी आलो. जिना चढून झाल्यावर आत्या म्हणाली, "जावई, बुदवारी डाक्टर काय करंल ता करंल. त्याचे आदी आयतवारी सोसायटीचा कार्यक्रम हाय, तवा मी गानार. आनि पेटी तुमी वाजवाल."

मी साताऱ्याकडचा. वडिलांच्या भजनी मंडळात पेटी शिकलो, ऐरोलीजवळच्या महाप्याच्या नोकरीत ती धूळ खात पडली होती. जॅझ वगैरे मला येत नाही असं मी परोपरीने सांगितलं, पण आत्याने ते ऐकून घेतलं आणि गुणगुणून एकेक सूर माझ्याकडून बसवून घेतला. सूर बसले, पण थांबणं काही बसेना. आमच्या भजनात बुवा अडला की पेटीवाल्याने ओळ उचलायची, म्हणजे बुवाची लाज राहते. तो नियम माझ्या बोटांत मुरलेला. शेवटच्या ओळीआधी आत्या थांबली की मी झटकन सूर धरायचो आणि वर पुढचा शब्दही मोठ्याने सांगायचो. चौथ्यांदा असं झालं तेव्हा तिने भाता हाताने धरून ठेवला.

"तुमी कनाला धावताव? मी विसरलेली नाय. गान्यातली बाई धक्क्यावं उभी हाय. बोट गेली, पन अजून दिसते. दिसते तवर तिनं बोलाचा नाय. आनि तुमी आधीच तिला घरी न्याला आयलाव."

रविवारी दुपारी हॉल भरलेला होता. लोकांच्या हातात समोशाच्या बशा होत्या. आत्या गायला लागली आणि त्या घरघरत्या आवाजाने बशांचा आवाज हळूहळू बंद झाला. शेवटच्या ओळीआधी ती थांबली. खूप थांबली. तालमीत कधी एवढी थांबली नव्हती. सेक्रेटरी माझ्याकडे बघून हाताने 'उचला, उचला' अशा खुणा करू लागले आणि शेवटी आभार मानायला उठले. माझ्या बायकोने त्यांना शर्ट धरून खाली बसवलं. माझी बोटं शिवशिवत होती. मी उजवा हात मांडीखाली घातला आणि त्यावर बसून राहिलो. ती खरंच विसरली असेल तर, या भीतीने मला घाम फुटला होता. मग आत्याने ती ओळ म्हटली, आणि बोट दिसेनाशी झाली हे इंग्रजी न कळणाऱ्या बायकांनाही कळलं. मी तर पेटीवर रडलो, सांगायला लाज कसली.

गाठ साधी निघाली. आम्ही नवस फेडले. आवाज परत आला तो मात्र बारीक, स्वच्छ, चारचौघींसारखा. पहिल्याच आठवड्यात गॅसवाल्याचा फोन आला. आत्या दोन शब्द बोलली आणि गप्प झाली. तिकडच्याने कंटाळून फोन ठेवला तरी तिने तो कानाला धरून ठेवला होता. "मॅडम बोल्ला," ती म्हणाली. मला तिच्यासमोर उभं राहवेना.

पण पुढच्या रविवारी तिचा निरोप आला, पेटी घेऊन या. आता दर रविवारी जातो. मी वाजवतो, ती गात नाही. नुसते ओठ हलतात. शेवटच्या ओळीआधी ती तळवा वर करते, मी थांबतो, ती तळवा खाली आणते, मी पुढे जातो. माझं थांबणं आता बरं जमतं, असं ती बायकोला म्हणाल्याचं कळलं. परवा धीर करून विचारलं, आत्या, एकदा गाऊन बघता का?

आत्याने खिडकीबाहेर बघितलं. मग पदर सारखा केला. मी प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही. उत्तर अजून आलेलं नाही, पण पेटी मी तिच्याकडेच ठेवून आलो आहे.